होई आनमधला मोकळा दिवस

संध्याकाळी गच्चीवर आलं, की डोळ्यांना आधी पाणी भेटे. उरलेल्या मिठागरांचं चौकोनी, न हलणारं पाणी. त्याच्यामागे मुरुमाचा भराव, भरावावर कंटेनरांच्या रंगीत भिंती, आणि सगळ्यांच्या वर माना ताठ करून उभ्या असलेल्या न्हावा शेव्याच्या क्रेन. या दृश्याचा अमिषाला कंटाळा येत नसे, थकवा येई. कंटाळलेलं माणूस उठून निघून जातं. थकलेलं तिथंच बसून राहतं.

ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवरच्या टॅबवर व्हिएतनामचा नकाशा उघडा होता. लांब, अरुंद देश. कुणीतरी समुद्राच्या कडेला कुशीवर निजल्यासारखा.

“आधी हनोई,” ती म्हणाली. “मग ह्युए. तिथून दिवसाच्या गाडीने दा नांग, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. आणि शेवटी होई आन. तीन शहरं. बस्स.”

“आणि हा लाँग?” निकेतने विचारलं. तो कठड्याला टेकून एका हाताने फोनवर ड्रायव्हरला मेसेज टाकत होता. “ते पाण्यातले डोंगर. सगळे जातात तिथं.”

“म्हणूनच नको.”

“एका दिवसात होतं गं. पहाटे पिकअप, रात्री ड्रॉप. मी बघितलंय.”

“पहाटेचा पिकअप तुझ्या ट्रेलरला लागतो. मला नको.”

तो हसला. निकेतचे तीन ट्रेलर होते. बंदरातून कंटेनर उचलायचे, पनवेल-भिवंडीच्या गोदामांत टाकायचे आणि परत येताना काहीतरी भरूनच यायचं. रिकामी गाडी परत आणणं हे त्याच्या धंद्यातलं सर्वांत मोठं पाप होतं. ते पाप टाळण्याची सवय त्याच्या हाडांत इतकी मुरली होती, की मीठ आणायला दुकानात गेला तर येताना तो उगाच काड्यापेटीही घेऊन येई.

“आणि हा कोरा दिवस कसला?” त्याने वाकून पाहिलं. “हनोईत एक, ह्युएत एक, होई आनमध्ये एक. काय करायचं त्या दिवशी?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“उशिरा उठायचं. नदीवर जाऊन बसायचं. झोप आली तर परत येऊन झोपायचं.”

“ते तर आपण इथंही करू शकतो.”

अमिषाने मान वर केली. “इथं? कधी केलंय?”

निकेतने प्रामाणिकपणे विचार केला. खालून पायरीवर सासूबाईंच्या चपलांचा आवाज आला आणि गेला. “नाही केलं,” तो म्हणाला.

गच्चीवर ती त्याला अरे-तुरे करायची. जिना उतरला, की अहो सुरू होई. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांचं खासगी आयुष्य या जिन्याच्या वरच्या बाजूलाच मावलेलं होतं. दोघांनी मिळून केलेला प्रवासही एकच. लग्नानंतरच्या महिन्यात, तिच्या माहेराहून, मांडव्याच्या जेट्टीवरून बोटीने ते गेटवेला गेले होते. बोटीमागे पाखरं उडत होती, वाऱ्याने तिचा पदर सारखा सुटत होता, आणि निकेत सारखा घड्याळ पाहत होता, कारण दुसऱ्या दिवशी भावकीत कुणाचीतरी हळद होती. पोहोचले, चहा प्यायले, परतीच्या बोटीत बसले.

त्यानंतरचे सगळे प्रवास वाशीच्या दवाखान्याचे. फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या वरच्या कप्प्यात, इंजेक्शनं ठेवलेली असत. तो कप्पा आता रिकामा होता, तरी त्यात काही ठेवायला घरातल्या कुणाचा हात जात नसे. शेवटची पाळी कधीची? पुढची तपासणी कधीची? दवाखान्यात नाव सांगण्याआधी तारीख सांगावी लागे. आशा ही गोष्ट इतकी थकवणारी असते हे अमिषाला कुणी सांगितलं नव्हतं. निराशेला निदान झोप तरी लागते.

मागच्या दिवाळीनंतर, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, ती सीटबेल्ट न लावताच म्हणाली होती, “निकेत, आता बास.” त्याने चालू केलेली गाडी बंद केली. बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीवरचा पार्किंगचा आकडा पाहत राहिले. मग तो म्हणाला, “बरं.” दोघांनी मिळून धरलेलं एखादं जड कपाट एकदम खाली ठेवावं, तसा तो शब्द होता. पुलावर आल्यावर तो पुढे म्हणाला, “कुठंतरी जाऊ या. लांब.”

“जिथं मला कुणी तारीख विचारणार नाही,” ती म्हणाली होती. आणि जरा थांबून, “पण तुझ्या आईला तू सांगायचं. सोडलंय म्हणून. मला ते जमणार नाही.”

चार-आठ दिवसांनी तो म्हणाला, “सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. जा म्हणाली.”

इतक्या सहज? अमिषाला वाटलं होतं, रडारड होईल, देवासमोर दिवा विझेल, निदान जेवण तरी नको होईल. तसं काहीच झालं नाही. उलट सासूबाई, कृष्णाबाई, तिच्याशी पूर्वीपेक्षा मऊ वागू लागल्या. पाण्याची कळशी उचलू देईनात. आपण या बाईला कधी ओळखलंच नाही, असं अमिषाला वाटलं, आणि त्याची तिला मनातून लाजही वाटली.

*

रविवारी सकाळी गोदूकाकी आणि भावेश आले. गोदूकाकी म्हणजे निकेतची चुलती, आणि भावेश तिचा धाकटा. त्याची हळद मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत अमिषाने प्रवास आखला होता. पुढे तिकडे ऊन चढतं, इकडे तिच्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात वर्षअखेरीचे कागद साचतात. या गावात चुलतदिराची हळद चुकवणं म्हणजे भावकीतून नाव कमी करून घेणं. घरची थोरली सून म्हणून हळदीच्या ताटापासून शेवटच्या पंगतीपर्यंत सगळं तिच्यावर होतं. या भेटीसाठी तिने मनात बरीच उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही लागलं नाही.

“वहिनी, तुम्ही टेन्शन नका घेऊ,” भावेश सोफ्यावर पसरत म्हणाला. “हळदीला नाचायला अख्खं गाव आहे. डीजे बुक केलाय. तुमचं काम फर्स्ट.”

“काम कसलं, भावेश? फिरायला चाललोय.”

“हां, हां. फिरायलाच.” त्याने आईकडे पाहिलं. आईने पंख्याकडे पाहिलं.

“तीन गावं हाईत म्हनं,” गोदूकाकी म्हणाली. “त्यातला मेन गाव कनचा?”

“मेन असं काही नाही, काकी.”

“आनि मदी मदी मोकले दिवस ठेवलेत. निकेत बोलला.”

“हो. आरामाला.”

“आराम तं पायजेच.” गोदूकाकीने गंभीरपणे मान हलवली. “त्याच्या मागनं आराम लय पायजे बाय. जिना पन चढायचा न्हाय.”

हे वाक्य अमिषाला जरा अडलं. पण तेवढ्यात आत चहा उतू गेला, त्याचा वास आला आणि ती उठली. थकलेल्या माणसाचं असं होतं. कानावर पडलेलं वाक्य तो नंतर ऐकू म्हणून बाजूला ठेवतो, आणि ते तसंच राहून जातं.

त्याच आठवड्यात कृष्णाबाई गोदूकाकीला घेऊन पालीला जाऊन आल्या. गुडघ्यांमुळे त्यांनी गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं त्याला काळ लोटला होता. ऐन वयात त्यांनी नवऱ्याच्या, दत्तात्रेयाच्या, बरोबरीने आगरात मीठ ओढलेलं. पावलांना भेगा पडून त्या भेगांत मीठ बसलेलं. आगर विकलं गेलं, त्यावर भराव पडला, सासरेही गेले, पण ती पावलं तशीच राहिली. बल्लाळेश्वराचा अंगारा त्यांनी अमिषाच्या कपाळाला लावला आणि लाडवाची पुडी हातात ठेवली.

“सहज गेले व्हते,” त्या म्हणाल्या.

तोही दिवस निघून गेला. अमिषा रोज ऑफिसातून येई, जेवण उरकून गच्चीवर जाई आणि एखादं हॉटेल निवडण्याऐवजी त्याची खिडकी निवडत बसे. ही खिडकी नदीकडे उघडते; ही बाजाराकडे. या खिडकीशी खुर्ची आहे. होई आनच्या त्या खुर्चीत ती मनाने कितीतरी वेळा जाऊन बसली होती. तिथं तिला काही वाटत नसे, आणि तेच तिला हवं होतं. निकेत मात्र तिच्या पाठीमागे त्या कोऱ्या दिवसांत गुपचूप काहीबाही भरत असे. सायकल. स्वयंपाकाचा वर्ग. कंदील सोडायची होडी. ती ते पुसून टाकी. दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी उगवलेलं असे.

*

शनिवारी दुपारी ऑफिसला सुट्टी होती. अमिषा केस पुसत बाहेर आली, तर ओटीवर पाट मांडलेला होता आणि गोदूकाकीसह शेजारपाजारच्या चार बायका नव्या साड्या नेसून बसल्या होत्या.

“बस, बाय,” कृष्णाबाई आतल्या उंबऱ्यातून म्हणाल्या. “वटी भरायची हाय. हलदीची गडबड सुरू झाली का मंग कुनाला टाइम नाय.”

प्रवासाला निघणाऱ्या सुनेची ओटी भरतात. त्यात नवल नव्हतं. अमिषा पाटावर बसली. कृष्णाबाईंना स्वतः ओटी भरता येत नव्हती. दत्तात्रेय गेल्यापासून अशा वेळी त्या उंबऱ्याच्या आतच थांबत, आणि तिथूनच हुकूम सोडत.

“तांदूल वंजल भरून घे, गोदू. नारल तो न्हाय, त्याच्या बाजूचा. मी वाजवून ठेवलाय, पानी हाय त्यात. कुंकू लाव आदी.”

“म्हायत हाय गं बय मना. पयल्यांदाच भरतेय का?”

परसातल्या माडाचा तो नारळ होता. शेंडी राखलेला, पोटावर कुंकवाचं ओलं बोट उमटलेला. गोदूकाकीने तो अमिषाच्या पदरात ठेवला, वर तांदूळ, हळकुंड, खण घातला, आणि मग कानाशी तोंड नेऊन, पण बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “हा नारल गोडातच घाल. तिखटात घालायचा न्हाय आनि दुसऱ्याला देयाचा न्हाय. तिकरचं डॉक्टर लय हुशार असतात म्हनं. आमच्या विहिनीच्या भाचीला परदेसातच गुन आला. तू नुसती हसत जा, आनि दोन जिवांची होऊन ये.”

“येनार, येनार,” बायका म्हणाल्या.

अमिषाच्या पदरात नारळ होता. त्याचं वजन मांडीवर, पोटाच्या खालच्या बाजूला, नेमकं तिथं पडलं होतं. बाजूला ठेवलेली सगळी वाक्यं एकापाठोपाठ एक आली आणि समोर बसली. तुमचं काम फर्स्ट. मेन गाव कनचा. जिना पन चढायचा न्हाय. तिने आखलेले तीन कोरे दिवस गावाने केव्हाच भरून टाकले होते.

तिने उंबऱ्याकडे पाहिलं. कृष्णाबाईंचे दोन्ही हात चौकटीवर होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, आग्रह नव्हता. आगरात पाणी सोडल्यावर ते तापेपर्यंत बांधावर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असावं, तसं काहीतरी होतं. अमिषा उठली, पदर सांभाळत स्वयंपाकघरात गेली, फळीवर नारळ ठेवला आणि नळ सोडून हात धूत उभी राहिली. हात स्वच्छ झाल्यावरही तिने नळ बंद केला नाही.

*

निकेत आला तेव्हा ऊन कलत होतं. तिने त्याला घरात चप्पल काढू दिली नाही. दोघं खाडीच्या बांधावर गेले. तिथून बंदराची घरघर ऐकू येते, पण माणसांना एकमेकांचं ऐकू येतं.

“आईंना काय सांगितलं होतंस?”

“कधी?”

“निकेत.”

त्याने बांधावरचं एक ढेकूळ चपलेने पाण्यात लोटलं. “मी काही बोललोच नाही. सांगायलाच गेलो होतो. म्हटलं, आई, आम्ही दोघं बाहेरदेशी जातोय. तिने विचारलं, तिकरं दवाखान्याचं काम हाय का? आणि बघत राहिली माझ्याकडे. असं बघत राहिली, की मला...”

“की तुला?”

“मी हूं म्हटलं.”

“हूं.”

“तेवढंच. शप्पथ.”

अमिषाला हसू आलं. एवढ्याशा हुंकारावर गावाने पाळणा टांगला होता. रिकामी जागा या माणसाला सोसतच नव्हती. आईच्या प्रश्नानंतरची जागाही त्याने, हाताला जे लागलं ते टाकून, भरली होती.

“मी येत नाही,” ती म्हणाली.

“अमी...”

“तू जा. हा लाँग बघ. पहाटेचा पिकअप घे.”

“असं काय करतेस? एवढं सगळं ठरवलं आपण. तू ठरवलंस.”

“मी काय ठरवलं होतं? जिथं कुणी तारीख विचारणार नाही तिथं जायचं. आता परत आल्यावर काकी विमानतळावर माझ्या तोंडाकडे बघणार नाही, पोटाकडे बघेल. मग मे, मग जून. तुझी आई तोंडाने काही विचारणार नाही, बाथरूमच्या बाहेर नुसती उभी राहील. आणि त्या नदीकाठच्या खुर्चीत बसून मी हेच बघत बसणार. मग तो दिवस मोकळा कसला रे? वाशीला काय वाईट होतं?”

समोरच्या भरावावर एक क्रेन कंटेनर उचलत होती. तो हवेत थोडा झुलला आणि दुसऱ्या कंटेनरवर आवाज करत बसला.

“परत आल्यावर सावकाश सांगतो,” तो म्हणाला.

तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, हेच निकेतला सहन झालं नसावं. रागाशी घासाघीस करता येते. थकव्याशी कसली करणार?

“उद्या,” तो म्हणाला. “उद्या सकाळी.”

*

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई मागच्या मोरीपाशी कोलंबी सोलत बसल्या होत्या. अमिषा स्वयंपाकघरात पीठ मळत होती. मधली खिडकी उघडी होती, आणि ती तिने मुद्दामच लावली नाही. निकेत येऊन आईसमोर उकिडवा बसला. एक कोलंबी उचलून, तिचं कवच काढता न आल्यामुळे, परत ताटात ठेवली.

“आई, तिकरं दवाखाना न्हाय.”

“मंग कुठं हाय?”

“कुठंच न्हाय. आमी सोडलाय ते. औषदं, सुया, सगला. अमिषाला न्हाय झेपत आता.” तो थांबला. “मना पन न्हाय झेपत. आमी नुसते फिरायला चाललोय. पोर न्हाय होनार आमाला.”

पिठातला अमिषाचा हात थांबला. आता तो काहीतरी जोडेल, असं तिला वाटलं. पण देवाची इच्छा असेल तर, म्हणेल. पुढं-मागं बघू, म्हणेल. एक मूल आणू कुठूनतरी, म्हणेल. त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. कुठल्यातरी गेटवर कुठलातरी ट्रेलर अडला असणार. फोन वाजून वाजून थांबला. निकेतने खिशाला हात लावला नाही, आणि तोंडही उघडलं नाही. ती शांतता त्याने तशीच राहू दिली.

कोलंबीची कवचं ताटलीत पडत राहिली.

“कवापासना?” शेवटी कृष्णाबाईंनी विचारलं.

“दिवालीपासना.”

“मंजे मी पालीला गेले तवा तुला म्हायत व्हता.”

“व्हय.”

“गुडगं धरून एस्टीत चढले मी.”

“व्हय, आई.”

“बापूस पन तुजा असाच. इचारला तं हूं, न इचारला तं हूं. हूं हूं करत आगर इकून बसला जल्ला.” त्यांनी एका कोलंबीचं डोकं नको तितक्या जोराने मोडलं. “आनि तिनं? तिनं वटी कशी भरून घेतली?”

“तिला तवाच कलला. वटी भरताना.”

कृष्णाबाईंनी पुढची कोलंबी उचलली. फोन पुन्हा वाजू लागला. “जा, घे तो,” त्या म्हणाल्या. “कुनाचा तरी जीव अडकलाय तिकरं.”

त्या आत आल्या तेव्हा अमिषाने मान खाली घातली आणि पीठ, जे केव्हाच मळून झालं होतं, पुन्हा मळायला घेतलं. बोलणी बसली असती तर बरं वाटलं असतं. कृष्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. सोललेल्या कोलंबीला हळद-मीठ चोळलं, हात धुतले, आणि चवड्यांवर उभं राहून फळीवरचा नारळ खाली घेतला. कुंकवाचं बोट आता वाळून तपकिरी झालं होतं.

“आई, तो ओटीतला आहे.”

“म्हायत हाय मना.”

“काकी म्हणाल्या, तिखटात घालत नाहीत.”

कृष्णाबाईंनी नारळाची शेंडी उपटली, मोरीच्या दगडावर कोयत्याचे घाव घातले आणि फुटताना येणारं पाणी फुलपात्रात धरलं. ते फुलपात्र त्यांनी अमिषासमोर, पिठाच्या परातीशेजारी ठेवलं.

“गोडातला किती वर्सं खातेस, बाय,” त्या म्हणाल्या. आवाज जड होता, पण हलत नव्हता. “ह्या देवीचा परसाद, त्या देवाचा लाडू. एक डाव तिखटात खा.”

मग त्या विळीवर बसल्या आणि ज्या नारळाकडे काल त्यांना उंबऱ्याआडून नुसतं पाहावं लागलं होतं, तो दोन्ही हातांनी खवू लागल्या. खोबरं ताटात पडत होतं. अमिषाने फुलपात्र उचललं. पाणी थोडं खारट लागलं. खाडीकाठच्या माडाचं पाणी तसं असतंच.

*

कालवण लाल, दाट आणि फार तिखट झालं होतं. जेवताना निकेतच्या कपाळावर घाम आला. मोरीतल्या टोपलीत कोलंबीच्या कवचांवर दोन करवंट्या पडल्या होत्या. एकीवर कुंकवाचा डाग वर होता.

“गोदूला मी सांगन,” कृष्णाबाई अचानक म्हणाल्या. “तुमी मदी पडू नका. ती रडंल, मंग गावभर सांगंल, मंग भावेसच्या हलदीत ईसरंल.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “आनि हलदीचा काय?”

“काय?” निकेत म्हणाला.

“दवाखाना असता तं येगला. आता काय कारन हाय? घरची थोरली सून हलदीला नसंल तं मी कुनाला काय तोंड दावू? हलद झाल्यावर जा.”

निकेतने अमिषाकडे पाहिलं. तिकीट अजून काढलेलं नव्हतं. भाडं उतरायची तो वाट पाहत होता. खरं बोलल्याचा पहिला हप्ता असा लगेच, जेवणाच्या ताटावरच, वसूल होईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

“एप्रिलात जावं लागेल मग,” अमिषा म्हणाली. “तिकडे फार ऊन असतं, आई, एप्रिलात.”

“उनाचा तू मना सांगतेस?”

अमिषाची नजर नकळत खाली, पाटाशेजारी दुमडून ठेवलेल्या त्या पावलांकडे गेली, आणि तिने घास घेतला. कृष्णाबाईंनी कालवणाची वाटी तिच्याकडे सरकवली.

“मोकल्या दिवशी मंजे काय करनार तुमी? खरा सांग.”

“काही नाही, आई. बसणार.”

“दोघं पन?”

“दोघंही.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

कृष्णाबाईंनी यावर विचार केला. त्यांना हे पटलेलं दिसत नव्हतं. “मासली मिलते का तिकरं?” त्यांनी विचारलं.

“मिळते.”

“मंग झाला,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. पण उठताना, भिंतीचा आधार घेऊन, क्षणभर तशाच पाठमोऱ्या थांबल्या. अमिषा हात द्यायला उठणार होती. निकेतने तिच्या मनगटावर हलकेच हात ठेवला. त्या आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दिवस कलल्यावर अमिषा गच्चीवर आली. मिठागरांच्या चौकोनांत आभाळ उतरलं होतं. भरावाच्या बाजूचा एक चौकोन मागच्या आठवड्यापेक्षा लहान झाल्यासारखा वाटत होता. तिने टॅब उघडून सगळ्या तारखा एप्रिलात नेल्या. हनोई, ह्युए, होई आन. एप्रिलात खिडकीशी बसवेल का, कोण जाणे. बहुधा पडदा ओढून घ्यावा लागेल. तिला बरं वाटत होतं असं म्हणता आलं नसतं. लांबून चालत आलेल्या माणसाला वाटेत बसायला दगड मिळावा, तेवढंच.

निकेत वर आला, दुसऱ्या खुर्चीत बसला, आणि तिच्या खांद्यावरून वाकून त्याने होई आनच्या दिवसांकडे पाहिलं. त्यांतला एक पूर्वीसारखाच कोरा होता.

“इथं ती होडी...” तो म्हणाला.

“निकेत.”

“गंमत केली गं.”

ती पडद्यांची चित्रं पाहत राहिली. जाड पडदा असलेली एक खोली सापडली, नदीपासून थोडी आत. “ही चालेल?” तिने विचारलं. उत्तर आलं नाही. तिने वळून पाहिलं, तर तो त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, मान एका बाजूला टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपला होता. त्याच्या मांडीवरचा फोन थरथरला आणि थोड्या वेळाने आपणहून थांबला.

तिने त्याला उठवलं नाही.